कोलंबो मालिकेतील पॅट्रिक मॅगूहन यांचे पुनरागमन

‘कोलंबो’ ही अमेरिकी दूरचित्रवाणीवरील गुप्तहेर मालिका १९७१ ते १९७८ या काळात एनबीसी वाहिनीवर आणि १९८९ पासून २००३ पर्यंत एबीसी वाहिनीवर चालली. ‘डेंजर मॅन’ आणि ‘द प्रिझनर’ या ब्रिटिश मालिकांमुळे साठच्या दशकात गाजलेले अभिनेते पॅट्रिक मॅगूहन तिच्यात चार वेळा खुनी म्हणून आले. पीटर फॉक यांच्या लेफ्टनंट कोलंबोसमोर खुन्याची भूमिका इतक्या वेळा दुसऱ्या कोणी केलेली नाही. जॅक कॅसिडी आणि रॉबर्ट कल्प प्रत्येकी तीनदा खुनी झाले. कल्प १९९० मध्ये चौथ्यांदा आले, पण ते खुनी तरुणाचे वडील म्हणून.

एकच नट पुन्हा नव्या नावाने आणणे या मालिकेला परवडत होते, ते तिच्या रचनेमुळे. खून आणि खुनी प्रेक्षकाला सुरुवातीलाच दिसतात. उत्सुकता असते ती तो सापडतो कसा याची. साहजिकच पाहुण्या कलाकाराला फॉक यांच्या तोडीचा वाव मिळतो. शिवाय दर भागात येणारे असे कोलंबोशिवाय जवळजवळ कोणीच नाही. त्यामुळे ‘हा तर मागच्या वेळी पकडला गेला होता’ ही अडचण उरत नाही.

पहिली भूमिका ‘बाय डॉन्स अर्ली लाइट’ (२७ ऑक्टोबर १९७४) या भागात, लष्करी विद्यालयाचे प्रमुख कर्नल रमफर्ड यांची. चित्रीकरण साउथ कॅरोलायनातील द सिटाडेल या संस्थेत झाले. समारंभाच्या तोफेत रमफर्ड जास्त जहाल स्फोटक भरतात, नळीत सफाईची चिंधी कोंबतात आणि तोफ डागणारा मरतो. त्यांना अडकवते ते मुलांनी चोरून आंबवायला टांगलेले सायडर, म्हणजे सफरचंदाचे पेय. ते पहाटे थोडा वेळच दिसण्याजोगे होते, आणि तेही तोफेजवळ उभे राहणाऱ्याला. शिस्तीपायीच त्या सायडरची चौकशी लावणारा रमफर्ड हा या चौघांतला सर्वांत अस्सल माणूस. या भूमिकेसाठी मॅगूहन यांना एमी पुरस्कार मिळाला.

‘आयडेंटिटी क्रायसिस’मध्ये (१९७५) ते सीआयएचा हेर झाले आणि दिग्दर्शनही त्यांनीच केले. ‘द प्रिझनर’मधील ‘बी सीइंग यू’ हा निरोप त्यांच्या तोंडी येतो, तो जाणकारांसाठी. पुढच्याच वर्षी दिग्दर्शित केलेल्या ‘लास्ट सॅल्यूट टू द कमोडोर’मध्ये मात्र घोटाळा झाला. खुनी शेवटपर्यंत झाकून ठेवल्याने कोलंबो आणि खुनी यांची झुंजच गेली, आणि फॉक यांच्या चमत्कारिक लकबींनी ती पोकळी भरून निघाली नाही. तो भाग चाहत्यांना आजही खटकतो.

खरे पुनरागमन ‘अजेंडा फॉर मर्डर’मध्ये (१० फेब्रुवारी १९९०), मालिकेच्या पडद्यावर चौदा वर्षांच्या खंडानंतर. ऑस्कर फिंच हा राजकारणात मुरलेला वकील खुनाच्या जागी चीजचा तुकडा चावून ठेवतो. कोलंबो त्याने चघळून टाकलेले च्युइंगगम मिळवतो आणि दोन्हींवरचे दातांचे ठसे जुळवतो. दंतठशांची विश्वासार्हता आज वादाची आहे, तेव्हा हा पुरावा कथेपुरताच घ्यावा. प्रसंग रंगतो तो दोघांच्या थांबत, एकमेकांना जोखत चाललेल्या बोलण्यामुळे. मॅगूहन यांना दुसरी एमी याच भागासाठी मिळाली. दिग्दर्शनही त्यांचेच होते.

‘ॲशेस टू ॲशेस’ (१९९८) या भागात ते हॉलिवूडच्या नामवंतांचे अंत्यविधी करणारे एरिक प्रिन्स झाले. खून झालेल्या स्त्रीचा देह युद्धात जखमी झालेल्या एका नटाच्या नावाने जाळला जातो, आणि त्या नटाच्या शरीरातला धातूचा तुकडा भलत्याच अस्थिकलशात सापडतो. त्यांची कन्या कॅथरिन मॅगूहन हिचीही यात भूमिका आहे. यानंतर मॅगूहन मालिकेत दिसले नाहीत; २००१ मध्ये प्रसारित झालेल्या ‘मर्डर विथ टू मेनी नोट्स’चे त्यांनी दिग्दर्शन केले. त्यात खुनी होते बिली कॉनली.