रोहतांगखालचा मार्च

हिमस्खलन म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो कडाक्याचा जानेवारी. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यावर मोठा घाला पडला तो मात्र मार्चमध्ये. मार्च १९७९ मध्ये बर्फवृष्टी थांबेना, एकामागून एक हिमकडे सुटले आणि दोनशेहून अधिक माणसं दगावली.

हा धोका तेव्हा काही नवा नव्हता. १९६२च्या युद्धानंतर लष्कराची ठाणी आणि रस्ते हिमालयात उंचावर जाऊ लागले. शत्रूची गोळी न लागताही जवान बर्फाखाली जात होते. म्हणून १९६९ साली संरक्षण संशोधन खात्याने मनालीत हिम आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी ‘सासे’ ही संस्था काढली. बर्फात खड्डा खणून थर तपासायचे, तापमान घ्यायचं, कुठला थर कच्चा ते बघायचं, हे तिचं रोजचं काम. २०२० साली ती दुसऱ्या प्रयोगशाळेत विलीन होऊन ‘डीजीआरई’ झाली. इशारे आता तिच्याकडून येतात.

वसंतातलं गणित थंडीतल्यापेक्षा वेगळं असतं. पश्चिमी झंझावात मार्चमध्येही भरपूर बर्फ टाकतात, आणि ऊन तर चढलेलं असतं. रात्री पृष्ठभाग गोठून कडक होतो, दुपारी वितळतो. ते पाणी झिरपत खालच्या थरापर्यंत गेलं की थरांची पकड सुटते आणि ओला, जड बर्फ सरकू लागतो. कोरड्या बर्फापेक्षा त्याचा वेग कमी, पण वजन प्रचंड. साधारण ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत वाईट. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठतच नाही. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप सुटून घरंगळू लागले, पाय गुडघ्यापर्यंत रुतू लागला, की तिथून निघायचं. ढगाळ, उबदार रात्र तर जास्तच फसवी, कारण बर्फ पुन्हा गोठतच नाही. म्हणून जाणते लोक उतार पहाटेच पार करतात.

झाडांनीही याची नोंद ठेवली आहे. हिमस्खलनाचा मार खाल्लेल्या झाडांच्या वर्तुळांत ते वर्ष व्रणासारखं उमटतं. पश्चिम हिमालयातल्या अशा वर्तुळांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. गेल्या काही दशकांत हिमस्खलनं वाढल्याचं त्यात दिसलं. हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंताच्या तोंडावर हवा तापू लागल्याने बर्फ ओला होतो, हे कारण संशोधकांनी दिलं.

३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि मनालीहून लाहौलला जाताना लागणारी रोहतांग खिंड टळली. पण बोगद्याच्या दक्षिण तोंडापर्यंतचा रस्ता त्याच उतारांखालून जातो, म्हणून तिथे बर्फ डोक्यावरून निघून जावा अशी छतं बांधावी लागली. माझ्या मते लोकांना याचाच विसर पडतो. शाळा सुटल्या की पुण्या-मुंबईच्या सहली बर्फ बघायला बोगद्यापलीकडच्या सिस्सूकडे निघतात, आणि वर ताजा बर्फ पडल्यामुळे गाड्या बोगद्याच्या अलीकडे सोलंगपाशी अडवल्या की पोलिसांशी हुज्जत घालतात.