टी ट्री ऑइल: ३० आणि १५ हे आकडे आले कुठून?

टी ट्री ऑइल घेताना लोक वास बघतात, ब्रँड बघतात, पण विचारायला हवं ते तेलातले दोन घटक, जंतू मारणारं टर्पिनेन-४-ओल किती आणि निलगिरीतलं सिनिओल किती. झाडाचं नाव मेलाल्युका अल्टरनिफोलिया, ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेकडचं, दलदलीच्या जागेत वाढणारं. तिथले बंडजलंग लोक त्याची पानं चुरडून जखमेवर लावायचे, कुणी लॅबमध्ये तपासायच्या कितीतरी आधीपासून. मग १९२० च्या दशकात सिडनीच्या आर्थर पेनफोल्ड या केमिस्टने तेल काढून टेस्ट केलं आणि जंतू मारण्यात ते फिनॉलच्या ११ पट भरलं, आणि फिनॉल हे जंतुनाशक म्हणजे तेव्हाचं मापच होतं, त्यामुळे चर्चा तर होणारच. दुसऱ्या महायुद्धात ते सैनिकांच्या किटमध्ये पोचलं, नंतर अँटिबायोटिक्स आली आणि तेल मागे पडलं. १९७० नंतर नैसर्गिक गोष्टींची हवा आली, रीतसर लागवड सुरू झाली.

पण गंमत अशी की जात एकच असली तरी तेल एकच नसतं, काही झाडांत टर्पिनेन-४-ओल भरपूर, काहींत टर्पिनोलीन, काहींत सिनिओलच जास्त (म्हणजे जवळपास निलगिरीच), आणि नुसतं झाड बघून ते कळत नाही. म्हणून १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियाचं स्टँडर्ड आलं, १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आयएसओ ४७३०: टर्पिनेन-४-ओल किमान ३० टक्के, सिनिओल जास्तीत जास्त १५ (२०१७ मध्ये ते ३५ आणि १० झाले).

३० चं कारण पटतं, कारण मुख्य काम तेच करतं, बॅक्टेरियाच्या पेशीचं आवरण ढिलं पडतं आणि आतलं पोटॅशियम बाहेर गळतं. १५ मागे मात्र सिनिओलने त्वचा चुरचुरते ही समजूत होती, आणि पुढच्या तपासण्यांत ती काही टिकली नाही! तरी आकडा बरीच वर्षं राहिला, कारण सिनिओल वाढलं की टर्पिनेन-४-ओल सहसा कमी असतं, एवढा त्याचा उपयोग आहेच.

तेलाचा गुण येतो का, यावर १९९० मध्ये १२४ पिंपलवाल्या पेशंट्सवर ट्रायल झाली, ५ टक्के तेल विरुद्ध ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड (पिंपलचं नेहमीचं औषध), तेलाचा गुण उशिरा आला पण दुष्परिणाम कमी झाले.

या तेलाच्या ॲलर्जीचं खरं कारण बहुतेकदा जुनं तेल असतं. हवा आणि उजेड लागला की ते ऑक्सिडाइझ होतं, त्यातला पॅरा-सायमीन हा घटक वाढतो, त्वचेला झोंबणारे पेरॉक्साइड बनतात. म्हणूनच स्टँडर्डमध्ये पॅरा-सायमीनलाही वरची मर्यादा घातलेली आहे, तिच्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.