वॉटसनच्या नजरेतून : होम्स-वॉटसन जोडीवरील वाचकप्रेमाची पार्श्वभूमी

गुप्तहेर शेरलॉक होम्सचा मित्र आणि त्याच्या कथांचा निवेदक डॉ. जॉन वॉटसन कोकणच्या किनाऱ्यावर उतरला होता, ही गोष्ट होम्सच्या कथा अनेकदा वाचलेल्यांच्याही सहसा लक्षात राहत नाही. पहिल्या कादंबरीच्या आरंभीच तो आपली हकिगत सांगतो : १८७८ साली लंडन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतली, लष्करी शल्यचिकित्सकाचे शिक्षण पुरे केले आणि हिंदुस्थानातल्या पलटणीत रुजू होण्यासाठी निघालो, पण मुंबई बंदरात उतरलो तेव्हा कळले की, पलटण खिंडी ओलांडून शत्रूच्या मुलखात पुढे गेली आहे. पुढे अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत, म्हणजे २७ जुलै १८८० रोजी, त्याच्या खांद्यात गोळी घुसली, मरे नावाच्या अर्दलीने त्याला घोड्यावर टाकून वाचवले, पेशावरच्या इस्पितळात विषमज्वराने गाठले, आणि खंगलेल्या अवस्थेत तो इंग्लंडला परतला. लंडनमध्ये त्याचे कोणी नव्हते, पेन्शन तुटपुंजे होते आणि भाडे वाटून घेणारा कोणीतरी हवा होता. उत्तर कोकणातल्या या बंदरातून ज्याच्या दुर्दैवाचा फेरा सुरू झाला, त्या माणसाने पुढे आपल्या मित्राला जगभरच्या वाचकांच्या घरात नेऊन बसवले. रत्नागिरी-मालवणकडे पावसाळ्याच्या रिकाम्या संध्याकाळी या कथा वाचणाऱ्या माणसांना होम्सविषयी जे वाटते, ते मुळात वॉटसनला वाटलेले असते, असे माझे मत आहे. आणि या प्रेमाचा इतिहास त्या दृष्टीने पाहिला तर तो अधिक नीट उलगडतो.

या जोडीचा निर्माता आर्थर कॉनन डॉयल स्वतः डॉक्टर होता. एडिंबरा विद्यापीठात शिकत असताना डॉ. जोसेफ बेल हे त्याचे प्राध्यापक होते, आणि रोगी दारातून आत येताच त्याच्या चालण्यावरून, हातांवरून, बोलण्याच्या ढबीवरून त्याचा धंदा व पूर्वायुष्य ओळखण्याची त्यांची हातोटी होम्सच्या घडणीत उतरली. १८९२ साली निघालेला पहिला कथासंग्रह डॉयलने बेल यांनाच अर्पण केला आहे. मात्र पहिली कादंबरी १८८७ मध्ये एका नाताळ-वार्षिकात छापली गेली, तेव्हा तिचे सर्व हक्क प्रकाशकाने अवघ्या २५ पौंडांत घेतले होते आणि वाचकांनी तिची विशेष दखल घेतली नाही. १८९० ची दुसरी कादंबरी आग्र्याच्या किल्ल्यातला खजिना, १८५७ चा धामधुमीचा काळ आणि अंदमानची बंदिवसाहत यांच्याभोवती गुंफलेली असल्यामुळे आपल्याकडच्या वाचकाला ती चटकन जवळची वाटते, पण तिनेही मोठी खळबळ उडवली नाही.

ती उडाली जुलै १८९१ मध्ये, ‘स्ट्रँड’ मासिकात पहिली लघुकथा आली तेव्हा. क्रमशः कादंबरीचा एखादा अंक चुकला की वाचकाचा धागा तुटतो. डॉयलने पात्रे तीच ठेवून दर महिन्याला एक स्वयंपूर्ण कथा देण्याची तोड काढली, त्यामुळे नवा वाचक कुठूनही आत येऊ शकत होता आणि जुन्याला ओळखीच्या घरी गेल्यासारखे वाटत होते. होम्स-वॉटसनच्या बेकर स्ट्रीटवरच्या घरातली ती बैठक, शेकोटी, पर्शियन चपलेच्या टोकात ठेवलेली तंबाखू, जिना चढून येणारा घाबराघुबरा पक्षकार, हे सगळे दर महिन्याला नव्याने पण तसेच भेटे. सिडनी पॅजेटच्या चित्रांनी त्यांना चेहरे दिले.

होम्स हा खरे तर प्रेम करायला अवघड माणूस आहे. तो तुसडा आहे, स्वतःच्या बुद्धीचा त्याला गर्व आहे, काम नसले की तो कोकेनच्या सुईकडे वळतो, आणि मित्राच्या लेखनावर रंगवून लिहिल्याचा ठपका ठेवायलाही कचरत नाही. अशा माणसाची हकिगत त्यानेच सांगितली असती तर वाचक थक्क झाला असता आणि तिथेच थांबला असता. वॉटसन सांगतो म्हणून त्या तुसडेपणामागचा एकाकीपणा दिसतो, व्हायोलिन ऐकू येते, रात्ररात्र चाललेली येरझार कळते. एकूण ६० कथा-कादंबऱ्यांपैकी ५६ वॉटसनच्या मुखातून आलेल्या आहेत. दोन तृतीयपुरुषी आहेत आणि दोन स्वतः होम्सने सांगितलेल्या आहेत. या शेवटच्या दोहोंकडे पुढे वळावेच लागेल.

डॉयलला मात्र हे यश जाचू लागले. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्याच खरे साहित्य होत, अशी त्याची धारणा होती, आणि १८९१ च्या अखेरीसच होम्सला संपवण्याचा विचार त्याने आईला पत्राने कळवला होता. आईने हरकत घेतली, म्हणून होम्स आणखी दोन वर्षे जगला. ऑगस्ट १८९३ मध्ये डॉयलने स्वित्झर्लंडमधला रायखेनबाखचा धबधबा पाहिला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘स्ट्रँड’च्या वाचकांनी वाचले की, आपला कट्टर शत्रू प्राध्यापक मोरिआर्टी याच्याशी झुंजताना होम्स त्या कड्यावरून नाहीसा झाला. त्या प्रसंगाची ताकद सगळी वॉटसनच्या वाट्याला आली आहे. एका आजारी बाईसाठी डॉक्टर हवा अशी खोटी चिठ्ठी पाठवून त्याला दूर नेले जाते. फसवणूक लक्षात येताच तो धावत परततो, तेव्हा खडकाला टेकून ठेवलेली मित्राची काठी, सिगारेटची चांदीची डबी आणि तिच्याखाली निरोपाचा कागद, एवढेच उरलेले असते. आपल्याला आजवर भेटलेल्यांतला सर्वांत चांगला आणि शहाणा माणूस तो होता, या आशयाच्या वाक्यावर वॉटसन थांबतो.

वाचक काही थांबले नाहीत. सुमारे २०,००० वर्गणीदारांनी मासिक सोडले असे परंपरेने सांगितले जाते. एका बाईने आपल्याला ‘अहो राक्षसा’ अशा थाटाची सुरुवात करून पत्र धाडल्याचे डॉयलनेच आत्मचरित्रात नोंदवले आहे. एका काल्पनिक माणसासाठी इतके दुःख का व्हावे, हे त्याला कधीच पुरते उमगले नसावे. ते दुःख मित्र गमावलेल्याचे होते, आणि त्याच्याच लेखणीने वॉटसनच्या हातून ते वाचकांपर्यंत पोचवले होते. १९०१ मध्ये होम्सच्या ‘मृत्यू’पूर्वीची म्हणून एक कादंबरी क्रमशः सुरू झाली आणि १९०३ मध्ये होम्स खरोखरच परतला. त्याला समोर पाहून वॉटसन बेशुद्ध पडतो, आयुष्यात पहिल्यांदा आणि अखेरचा. शेवटची कथा १९२७ मध्ये छापली गेली आणि ७ जुलै १९३० रोजी डॉयल वारला.

चाहत्यांच्या प्रेमाला अभ्यासाचे रूप तोवर आलेच होते. पुढे कॅथलिक धर्मगुरू झालेल्या रोनाल्ड नॉक्सने १९११ मध्ये ऑक्सफर्डमध्ये एक निबंध वाचला, ज्यात बायबलच्या चिकित्सकांची सगळी हत्यारे त्याने होम्सच्या कथांवर चालवली होती. त्यातून रूढ झालेल्या खेळाचा नियम असा : होम्स आणि वॉटसन खरे होते, वॉटसनने लिहिले ते घडलेले होते, आणि डॉयल हा फार तर मध्यस्थ. एकदा हे मानले की, घाईने लिहिणाऱ्या लेखकाची प्रत्येक चूक सोडवण्याजोगे कोडे बनते. पहिल्या कादंबरीत वॉटसनच्या खांद्याला असलेली जखम दुसऱ्या कादंबरीत पायाला कशी गेली? जॉन हे नाव असताना त्याची बायको त्याला एका कथेत जेम्स का म्हणते? डोरोथी सेयर्स या रहस्यकथालेखिकेने याचे उत्तर दिले ते असे की, त्याच्या नावातले मधले ‘एच’ हे अक्षर हॅमिश या नावाचे असले पाहिजे, कारण हॅमिश हे जेम्सचेच स्कॉटिश रूप. हे वाचताना आपल्याकडे पोथीतल्या पाठभेदावर तावातावाने वाद घालणारी जुनी माणसे आठवतात. ज्या ग्रंथावर जीव असतो त्याच्याच एकेका अक्षरासाठी माणूस असा भांडतो. आणि हे वाद बहुतेक वॉटसनच्या जखमेचे, लग्नाचे, तारखांचे असतात, ही बाब मला फार बोलकी वाटते.

१९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्तोफर मॉर्ले याने ‘बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स’ हे होम्सप्रेमींचे मंडळ सुरू केले. लंडनमध्ये १९५१ च्या राष्ट्रीय महोत्सवात मेरिलबोनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने होम्सचे प्रदर्शन भरवून ती प्रसिद्ध बैठक पुन्हा उभी केली आणि त्या निमित्ताने एकत्र आलेल्यांतून तिथली चाहत्यांची आजची संस्था जन्मली. १९६८ मध्ये तिच्या सभासदांनी जुन्या काळचे पोशाख घालून रायखेनबाखची यात्राच केली. दरम्यान, होम्सच्या २२१ बी, बेकर स्ट्रीट या पत्त्यावर येणाऱ्या पत्रांना उत्तरे देण्याचे काम त्या जागेवर कचेरी असलेल्या वित्तसंस्थेने कित्येक वर्षे सांभाळले, त्यासाठी वेगळी व्यक्ती नेमून.

पडद्याने मात्र वॉटसनवर दीर्घकाळ अन्याय केला. १९३९ ते १९४६ या काळातल्या होम्सच्या भूमिकेतल्या बॅसिल रॅथबोनच्या १४ चित्रपटांत नायजेल ब्रूसने रंगवलेला वॉटसन प्रेमळ होता, पण वेंधळा होता, आणि तोच पुढे कित्येकांच्या मनात पक्का बसला. मूळ कथांतला वॉटसन धाडसी आहे, रिव्हॉल्व्हर बाळगतो, आणि कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर घडलेल्या एका कथेत विषारी धुराने दोघांचे भान हरपू लागले असता होम्सला ओढून बाहेर काढणारा तोच आहे. १९८४ ते १९९४ या काळातल्या जेरेमी ब्रेटच्या ब्रिटिश मालिकेने, आधी डेव्हिड बर्क आणि नंतर एडवर्ड हार्डविक यांच्याकरवी, त्याची प्रतिष्ठा त्याला परत दिली. २०१० मध्ये कथा आजच्या लंडनमध्ये नेणाऱ्या मालिकेच्या कर्त्यांना तर वॉटसनचे पूर्वायुष्य बदलावेही लागले नाही. सैनिक अफगाणिस्तानातून जखमी होऊन परतत होतेच.

मराठी वाचकाला अशा जोडीची चटक लागली ती आपल्याच भाषेतून. चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी वसईजवळच्या किनाऱ्यावरील अर्नाळा गावाची आठवण करून देणारे ‘बाबुराव अर्नाळकर’ हे नाव घेऊन हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांतल्या धनंजय-छोटूच्या जोडीने कित्येकांना वाचनाची गोडी लावली. गणपतीला भाऊच्या धक्क्यावरून बोटीने निघून पडावातून बंदरावर उतरणाऱ्या चाकरमान्यांच्या ट्रंकांतून अशी पुस्तके गावोगाव पोचत आणि पाने सुटेपर्यंत फिरत. होम्सच्या कथा मराठीत आणण्याचे मोठे काम भालबा केळकर यांनी केले. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे, म्हणजे होम्सहून जुने. वाचनाची अशी वहिवाट असलेल्या प्रदेशात बेकर स्ट्रीटचे हे दोघे परके राहणे शक्यच नव्हते.

आता होम्सने स्वतः सांगितलेल्या त्या दोन कथा, दोन्ही १९२६ च्या. त्यांतली एक कोकणातल्या वाचकाला वेगळीच भिडते, कारण ती निवृत्त होम्सच्या समुद्रकाठच्या घराजवळ घडते आणि तिच्यातला गुन्हेगार म्हणजे पाण्यात तरंगणारा जेलीफिश असतो. (रहस्य फोडल्याचा दोष मी पत्करतो.) जाळ्याबरोबर आलेला जेलीफिश अंगाला लागला तर कशी आग होते हे इथल्या कोळ्याला माहीत असते, मृताच्या पाठीवरचे वळ पाहून त्याने होम्सच्या कितीतरी आधी ओळखले असते. कथा बेताची आहे, आणि तिचे कारण होम्सच देतो : वॉटसन जवळ असता तर त्याने या प्रसंगाचे किती सोने केले असते, अशी हळहळ तो व्यक्त करतो. दुसऱ्या कथेत तो कबूल करतो की, हकिगत वाचकाला रुचेल अशीच सांगावी लागते. ज्या लेखनाला त्याने आयुष्यभर नावे ठेवली, त्याची किंमत त्याला हाती लेखणी घेतल्यावर कळली.

चाहते पुन्हा पुन्हा ज्या पानाकडे वळतात ते मात्र एका बऱ्याच उशिराच्या कथेतले आहे. एका गुन्हेगाराची गोळी वॉटसनच्या मांडीला चाटून जाते. होम्स त्याला सावरून खुर्चीत बसवतो, लागले का म्हणून कळवळून विचारतो, खिशातल्या चाकूने विजार फाडून जखम पाहतो, आणि ती वरवरची आहे हे कळल्यावर गुन्हेगाराकडे वळून सांगतो की, हा मेला असता तर तू या खोलीतून जिवंत बाहेर गेला नसतास. त्या क्षणी वॉटसनने पाहिलेले असते ते मित्राचे थरथरणारे ओठ आणि ओलावलेले डोळे. एक काय, अनेक जखमा झाल्या असत्या तरी चालले असते, असे त्याला वाटते.