बिभा चौधुरींचं नोबेल खरंच कुणी चोरलं?

महिला दिन जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक पोस्ट हमखास फिरते: भारतीय बाईचा शोध इंग्रजांनी ढापला आणि नोबेलही लाटलं. सोबत भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींचा कृष्णधवल फोटो. त्यांचं नाव घरोघर पोचतंय हे उत्तमच. पण त्यांनी नेमकं केलं काय, याबद्दल पोस्टमध्ये अवाक्षर नसतं. खरी गंमत तर तिथेच आहे.

१९४० च्या आसपास कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये देवेंद्रमोहन बोस आणि बिभा यांनी वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, पकडायला फोटो काढायच्या साध्या काचा वापरल्या. दार्जिलिंग, संदकफू अशा उंच ठिकाणी त्या महिनोन् महिने ठेवल्या. उंचावरच का? हे किरण हवेवर आदळले की मेसॉन नावाचे अल्पजीवी कण वरच्या थरांत जन्मतात, आणि त्यातला पायॉन सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या जेमतेम पाव हिश्शाइतकाच जगतो. खाली पोचतो तो मुख्यतः त्याचा वारस, म्युऑन. (‘आज रात्री वैश्विक किरण येणार, मोबाइल बंद ठेवा’ हा मेसेज पाठवणाऱ्यांना सांगा की ते आत्ताही तुमच्या टाळूतून आरपार जाताहेत.)

काचेवरच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म कण असतात. विद्युतभारित कण त्यातून गेला की वाटेतले काही दाणे ‘जागे’ होतात आणि काच धुतल्यावर चांदीच्या काळ्या ठिपक्यांची रेघ उरते. कण जितका सावकाश, तितके ठिपके दाट. म्हणजे दाटीवरून वेग कळला. आता रेघ सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहायची. वाटेतल्या अणुकेंद्रांचे धक्के खात कण किंचित भेलकांडतो, आणि हे भेलकांडणं संवेग (वस्तुमान गुणिले वेग) व वेग यांच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात असतं. वेग आधीच हाती आहे, म्हणजे संवेग मिळाला. संवेगाला वेगाने भागलं की वस्तुमान. (वेग प्रकाशाच्या जवळ गेला तर सापेक्षतेची दुरुस्ती करावी लागते, ती इथे सोडू.) एका रेघेवरून कणाचं वजन!

उत्तर आलं इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट. १९४० ते १९४२ दरम्यान ‘नेचर’मध्ये हे छापून आलं. पण हा कण म्युऑन की पायॉन? आज माहीत आहे की म्युऑन २०७ पट जड, पायॉन २७३ पट. हा फरक ठामपणे दाखवायला जास्त संवेदनशील काचा हव्या होत्या, आणि महायुद्धात त्या मिळेनात. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ सेसिल पॉवेल यांच्या ब्रिस्टलच्या गटाला युद्धानंतर त्या मिळाल्या. १९४७ मध्ये त्यांना थांबलेल्या पायॉनच्या टोकातून म्युऑनची नवी रेघ फुटताना दिसली. बोस-चौधुरींच्या काचांत ते दिसलं नव्हतं, म्हणून ‘चोरी’ हा शब्द मला पटत नाही. पॉवेल यांना १९५० चं नोबेल मिळालं. आधीच्या या पद्धतीचं श्रेय त्यांनी १९५९ च्या आपल्या ग्रंथात दिलंही.

विसरलो ते आपण. मँचेस्टरला भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्याकडे संशोधन करून आलेल्या बिभांना होमी भाभांनी १९४९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) घेतलं. संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री-संशोधक. १९९१ मध्ये त्या वारल्या, तोवर देशातल्या एकाही मोठ्या विज्ञान अकादमीने त्यांना फेलो म्हणून निवडलं नव्हतं.