थिनरच्या वासाशिवाय बाल्साच्या विमानाला कागद चढवताना

बाल्साचं, म्हणजे त्या नावाच्या अगदी हलक्या लाकडाच्या काड्यांचं, छोटं मॉडेल विमान बनवताना सांगाडा पुरा होईपर्यंत घरचे कुणी काही बोलत नाही, बोलणी बसतात ती डोपचा डबा उघडल्यावर. डोप म्हणजे थिनरमधे विरघळवलेलं सेल्युलोज नायट्रेट, ते पंखावरच्या कागदाला ब्रशने लावायचं, थिनर उडून जातं, मागे राहिलेला पातळ थर आकसतो आणि कागद ताठ होतो. आता उडालेलं थिनर जाणार कुठे, इंदिरानगरच्या वन बीएचकेमधे ते तुमच्याच छातीत जातं, त्यात टोल्युइन, अ‍ॅसिटोन असलं काहीबाही असतं, डोकं धरतं, गरगरतं, आणि एन-95 मास्कचा इथे काही उपयोग नाही, तो धूळ अडवतो, वाफ नाही. शिवाय हे सगळं भुर्रकन पेट घेणारं.

त्रास जुनाच आहे. 1914 च्या अखेरीस लंडनजवळ हेंडनला खऱ्या विमानांच्या कापडी पंखांना डोप लावणाऱ्या कामगारांना कावीळ व्हायला लागली, काही जण दगावले. त्या डोपमधलं टेट्राक्लोरोइथेन लिव्हरवर जात होतं, ते पुढे बंद झालं. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला 1964 मधे मिगचा कारखाना आला तोवर लढाऊ विमानं कधीच धातूची झाली होती, मॉडेलवाले मात्र अजून डोपला चिकटून आहेत, आणि माझ्या मते निव्वळ सवय म्हणून. कारण छोट्या विमानाचा कागद ताणायला साधं पाणी पुरतं.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचा गुंता. पाणी मारलं की तंतू जाडीत फुगतात, लांबीत फारसे नाही, त्यामुळे कागद आधी ढिला पडतो, सुरकुत्या येतात आणि नवीन माणसाला वाटतं झालं, वाट लागली. थांबा जरा. वाळता वाळता उरलेलं पाणी तंतूंना एकमेकांकडे खेचतं, ते जवळ आले की त्यांच्यात हायड्रोजन बंध जुळतात आणि कागद पहिल्यापेक्षा जास्त आवळतो, टिचकी मारली तर ढोलाच्या पानासारखा वाजतो. तंतू बहुतेक एकाच दिशेने पडलेले असतात म्हणून कागद त्यांच्या आडव्या दिशेने जास्त आकसतो. दिशा कळत नसेल तर एक कोपरा फाडून बघा, जिकडे सरळ फाटत जातो ती तंतूंची दिशा, ती पंखाच्या लांबीला समांतर ठेवतात.

कागद कुठला? मॉडेलचा चांगला टिश्यू चौरस मीटरला साधारण 12 ग्रॅम भरतो. 60 सेंमी लांब, 10 सेंमी रुंद पंख धरा, वरून-खालून मिळून 0.12 चौरस मीटर, म्हणजे दीड ग्रॅमच्या आत काम होतं. तेच झेरॉक्सचा 75 ग्रॅमवाला कागद लावला तर 9 ग्रॅम, आणि रबराच्या पिळावर पंखा फिरवून उडणारं हलकं विमान तिथेच बसतं. संक्रांतीला मिळणारा पतंगाचा ताव चालतो का असं बरेच जण विचारतात, येवल्याच्या मंडळींना तर हा प्रश्न पडणारच. तर तो टिश्यूपेक्षा जड असतो आणि पाण्याने त्याचा रंग सुटू शकतो, आधी छोट्या फ्रेमवर तुकडा लावून बघा.

चिकटवायला सांगाड्याच्या कडांवर पाण्यात पातळ केलेला फेविकॉल लावा, पूर्ण वाळू द्या, मग वर कागद ठेवून कोमट इस्त्रीचं टोक फिरवा, फेविकॉल उष्णतेने मऊ होतो आणि कागद धरतो. ग्लू स्टिकनेही होतं.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे, ती म्हणजे पीळ. नाजूक शेपटीच्या काड्या दीड-दोन मिलिमीटरच्या, त्यावर ओला कागद आवळला की सगळी चौकट जिलबी होते. म्हणून अशा भागांसाठी कागद आधीच आकसून घ्यायचा: एका लाकडी फ्रेमवर चारी बाजूंनी चिकटवा, स्प्रे बॉटलने बारीक फवारा मारा, वाळू द्या, मग कापून विमानाला लावा. आता त्यात फार ताण उरलेला नसतो. एवढं करूनही थोडा ढिला राहिला तर पाण्याऐवजी मेडिकलवाल्याकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल अगदी हलकं फवारायचं, त्याने तंतू पाण्याइतके फुगत नाहीत त्यामुळे आकसणंही बेताचं होतं. फक्त खिडकी उघडी आणि गॅस बंद. पंखाला पाणी मारलं असेल तर वाळेपर्यंत पाटावर टाचण्यांनी दाबून ठेवा, खाली छोटे ठोकळे देऊन, नाहीतर कागद पाटालाच चिकटतो.

मे महिन्यात हे सगळं झकास जमतं. जुलैत मात्र हवेतलं पाणी कागद परत ढिला करतं, म्हणून वरून पाण्यात मिसळणाऱ्या पारदर्शक व्हार्निशचा एक हात द्यायचा, तोही अजून पातळ करून. वास अगदीच नाही असं नाही, पण घरात बसवतं. दुसरा हात द्यायचा मोह होईल तेव्हा आधी पंख वजनकाट्यावर ठेवा.