सर्रा : चंद्रपूरच्या एका रुग्णामागचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

२००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचा ताप काही केल्या हटेना. चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. महिनोन्महिने हेच. शेवटी रक्ताच्या काचपट्टीवर वळवळणारे ट्रिपॅनोसोम दिसले, म्हणजे आफ्रिकेतला निद्रारोग ज्यांच्यामुळे होतो त्या गटातले एकपेशीय परजीवी. हा माणूस आफ्रिकेत कधी गेलेला नव्हता आणि निद्रारोग पसरवणारी त्सेत्से माशी भारतात नाही. तपासाअंती निघाला तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, म्हणजे आपल्या घोड्यांना, उंटांना आणि म्हशींना होणाऱ्या सर्राचा जंतू.

हा जंतू मुळात सापडला तोही भारतातच. १८८० मध्ये तेव्हाच्या पंजाबातल्या, आता पाकिस्तानात असलेल्या डेरा इस्माईल खान इथे लष्कराच्या एका पशुवैद्यकाला आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात तो दिसला. त्याने ते रक्त निरोगी जनावरांना टोचून त्यांच्यात आजार निर्माण करून दाखवला. तरी वरिष्ठांना ते पटलं नाही. दोनच वर्षांपूर्वी कलकत्त्यात धडधाकट उंदरांच्या रक्तात असेच जीव आढळले होते, बेडकांत तर ते १८४३ पासून माहीत होते, आणि रानपक्ष्यांतही पुढे दिसले. मग रक्तात असा जीव असला म्हणून तोच आजाराचं कारण कसा? प्रश्न वाजवी होता. टोचणीच्या प्रयोगाकडे केलेली डोळेझाक मात्र वाजवी नव्हती. पाच वर्षांनी ब्रह्मदेशातल्या खेचरांवर काम करणाऱ्या दुसऱ्या पशुवैद्यकाने याच जंतूला स्पायरोकीट, म्हणजे मळसूत्री आकाराचा जिवाणू ठरवलं. हेच गृहस्थ १८८६ मध्ये परळला सुरू झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. १८८९ मध्ये पुण्यात सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा निघाली, तिच्या सुरुवातीच्या कामांत सर्रा होता. १८९३ मध्ये प्रयोगशाळा मुक्तेश्वरला हलली आणि पुण्याचा या आजाराशी संबंध बराचसा संपला.

१९०१ च्या सुमारास प्रसाराचं कोडं सुटलं. टॅबॅनस जातीची मोठी चावरी माशी आजारी जनावराचं रक्त पिताना हुसकली गेली आणि लगेच दुसऱ्याला चावली, की सोंडेवरच्या ओल्या रक्तातून जंतू जातो. आफ्रिकेतल्या भाऊबंदांप्रमाणे याला माशीच्या पोटात वाढावं लागत नाही. ती क्षमताच त्याने गमावली आहे. म्हणूनच तो त्सेत्सेचा मुलूख सोडून आशियाभर आणि दक्षिण अमेरिकेपर्यंत पोचला.

आता मुख्य प्रश्न. हा जंतू माणसाला का होत नाही, आणि या एकालाच का झाला? माणसाच्या रक्तात अपोएल-१ नावाचं प्रथिन असतं, ते ट्रिपॅनोसोमला फोडून टाकतं. आफ्रिकी निद्रारोगाच्या जंतूंनी त्यावर तोड काढली आहे, सर्राच्या जंतूकडे ती नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या शेतकऱ्याच्या संबंधित जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या; प्रथिन तयारच होत नव्हतं. सुरामिन हे औषध देऊन तो बरा झाला. कोडं सुटलं, असं सगळ्यांनी मानलं.

मात्र त्याच्या गावातल्या पाहणीने घोळ घातला. १,८०६ लोकांची चाचणी झाली आणि २२.७ टक्के 'पॉझिटिव्ह' आले. हा आकडा तेव्हापासून हवा तसा वापरला जातो. कुणी म्हणतं, पाचातल्या एकाला सर्रा झाला होता. कुणी म्हणतं, चाचणीच कुचकामी. दोन्ही अतिरेक आहेत. ही चाचणी जनावरांसाठी बनवलेली. पांढऱ्या कार्डावर रक्ताचा थेंब, त्यात निळे रंगवलेले मृत ट्रिपॅनोसोम, पाच मिनिटं कार्ड फिरवायचं. निळ्या गुठळ्या दिसल्या की प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, आहेत असं धरायचं. प्रतिपिंड म्हणजे आजार नव्हे. चावलेल्या माशीने जंतू आत सोडला, शरीराने तो मारला आणि खूण तेवढी उरली, असंही असू शकतं. दुसऱ्याच कुठल्या संसर्गाची प्रतिपिंडंही थोड्याफार गुठळ्या करतात. रक्त पातळ करून पुन्हा पाहिल्यावर पॉझिटिव्ह खूपच कमी उरले आणि प्रत्यक्ष जंतू एकाच्याही रक्तात सापडला नाही.

इथवर शंकेखोरांची बाजू भक्कम वाटते. पण गोठ्यात काम केलेला कोणीही सांगेल, की सर्राचा जंतू रक्तात रोज दिसत नाही. म्हैस दावणीला गोल गोल फिरते, भिंतीला डोकं टेकवून उभी राहते आणि पट्टी स्वच्छ येते. दोन दिवसांनी त्याच म्हशीची पट्टी जंतूंनी भरलेली असते. गाईम्हशींमध्ये तो महिनोन्महिने दबून राहतो आणि बैल कामाला जुंपल्यावर किंवा म्हैस व्यायल्यावर उसळतो. तेव्हा एका तपासणीत जंतू दिसला नाही, एवढ्यावर गावाला निर्धोक ठरवणं घाईचं होतं, असं माझं मत आहे. तेच लोक काही महिन्यांनी पुन्हा तपासले असते, तर प्रतिपिंडं उतरली की टिकली एवढं तरी कळलं असतं.

यापूर्वीही, १९७४ मध्ये, तेव्हाच्या मध्य प्रदेशात उंदरांच्या ट्रिपॅनोसोमसारखा जंतू माणसांत आढळल्याची नोंद आहे. ती विसरली गेली. २००० मध्ये ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात सर्राने वाघ मेले, तेव्हा मात्र देशभर गवगवा झाला.

जनुकाच्या सिद्धान्ताला धक्का बसला तो २०१६ मध्ये. व्हिएतनाममधल्या एका महिलेच्या रक्तात हाच जंतू सापडला. तिच्या जनुकाच्या दोन्ही प्रती शाबूत होत्या, प्रथिनाचं प्रमाणही नेहमीइतकंच, आणि संसर्ग बहुधा गुरांकडून आलेला. बिघडलेल्या जनुकाशिवाय सर्रा माणसाला होत नाही, हे विधान तेव्हापासून टिकत नाही.