हार्ड डिस्क फ्रीजरमध्ये ठेवू नका

एक्स्टर्नल हार्ड डिस्क कॉम्प्युटरला दिसेना झाली की ‘पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव’ असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. जुन्या डिस्कमधले अडकलेले भाग थंडीने क्वचित सुटत, त्यावरून ही समजूत पसरली. आताच्या डिस्कमध्ये हेड (डेटा वाचणारा-लिहिणारा भाग) डेटा साठवणाऱ्या फिरत्या तबकडीपासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगतं. कोल्हापूरच्या आषाढातल्या दमट हवेत गार डिस्क बाहेर काढली की बाष्प धरतं. ते तबकडीवर असताना डिस्क फिरवली तर होता-नव्हता डेटा जातो.

बऱ्याचदा दोष केबलचा निघतो. आधी ती बदला, मध्ये यूएसबी हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारा डबा) असेल तर काढा, डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला थेट जोडा. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतं, यूएसबी ३ ९००. अडीच इंची डिस्कला सुरू होताना ५०० अपुरे पडू शकतात. साडेतीन इंचीला वेगळा अडॅप्टर लागतोच.

मग विंडोजमधलं ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. पार्टिशन (डिस्कचा कप्पा) ठीक दिसतंय, फक्त ड्राइव्ह लेटर (E:, F: असं अक्षर) नाही? ते द्या, झालं. ‘इनिशियलाइझ’ (डिस्क कोरी समजून नव्याने तयार करणं) किंवा ‘फॉरमॅट’ विचारलं तर मात्र नकार द्या, घरातल्या लग्नाचे फोटो नेमके त्यातच असतात. टक-टक आवाज येत असेल तर डिस्क लगेच काढा आणि पुन्हा न जोडता डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.